एकतीस म्हणजे सगळ्या

४ सप्टेंबर

प्रिय मावशी,

मी काल नीट पोचले. बसमध्ये उलटी झाली नाही. आईने पिशवी उघडून बघितली आणि म्हणाली, "चार दिवस मावशीने तुला नुसत्या बिस्किटांवर ठेवलं की काय?" मी सांगितलं, दोन दिवस अंडीपण होती.

मला तुझं पंपघर आवडलं. सगळ्यात जास्त आवडले ते लाल टॅग. मी वर्गात सांगितलं की माझी मावशी सात पंपांची मुख्य आहे, आणि पंप दुरुस्तीला काढला की त्याच्या स्विचला लाल टॅग लागतो, मग त्या स्विचला कुणीच हात लावायचा नाही, मुख्यानेसुद्धा. मुलींना खरं वाटेना. मॉनिटर म्हणाली, "मुख्य म्हणजे मुख्य. तिला कोण विचारणार?" मग मी तू दिलेला जुन्या टॅगांचा गठ्ठा दाखवला. मग पटलं. मॉनिटरने मधल्या सुट्टीत मला शेजारी बसायला बोलावलं. गेल्या वर्षी तिने एकदाही बोलावलं नव्हतं.

आमच्या वर्गात एक मुलगी नवीन आली आहे. तिला सगळ्या नवीच म्हणतात. ती माझ्या रांगेत बसते. आता आम्ही बत्तीस झालो. चार रांगा, प्रत्येकीत आठ.

माझे दोन प्रश्न आहेत. १) टॅग लावणारा माणूस घरी गेला तर टॅग कोण काढतं? २) टॅगवर काय काय लिहायचं असतं? तू सांगितलं होतंस, पण मी विसरले.

आई म्हणते, तुझ्याकडे मोबाइल लागत नाही म्हणून पत्रच बरं. मलाही पत्र बरं वाटतं. जपून ठेवता येतं.

तुझी
खारोटी


११ सप्टेंबर

प्रिय खारोटी,

तुझं पत्र मंगळवारच्या थैलीतून मिळालं. टपालाची थैली इथे आठवड्यातून एकदाच येते आणि जाते, त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर रुसू नकोस.

उत्तरं क्रमाने देते.

१) दुसरं कोणीही नाही. ज्याने लावला त्यानेच काढायचा. तो घरी गेला असेल तर त्याला घरून बोलावून आणतात. तोपर्यंत पंप बंद.

२) नाव, तारीख, कारण. मागच्या बाजूला यंत्राचा क्रमांक. नाव टॅग लावणाऱ्याचं, दुसऱ्या कुणाचं नाही.

नियम इतका कडक का, ते तुला अर्धंच सांगितलं होतं, कारण तू जेवत होतीस. मी इथे रुजू होण्याआधी एक फिटर पंपाच्या आत हात घालून काम करत होता. पाळी बदलली. दुसऱ्या पाळीच्या माणसाला वाटलं, हा पंप उगाच बंद ठेवलाय. त्याने टॅग बाजूला सारला आणि स्विच दाबला. तो माणूस वाईट नव्हता. आपल्याला जास्त कळतं, एवढंच त्याला वाटलं. फिटरची तीन बोटं गेली. तेव्हापासून आमच्याकडे टॅगपाशी कुणी स्वतःचं डोकं चालवत नाही.

तुझ्या मॉनिटरला सांग, मुख्य म्हणजे टॅग सगळ्यात आधी पाळणारा माणूस.

बिस्किटांबद्दल आईला काही सांगू नकोस. मला चहाशिवाय काही करता येत नाही, हे तिला पुरेसं माहीत आहे.

तुझी
मावशी


२१ सप्टेंबर

प्रिय इंजिनीअरबाई,

काय जादू केलीस गं माझ्या पोरीवर? गेली तेव्हा दप्तरात चुरगळलेले कागद आणि तुटक्या पेन्सिली होत्या. आली ती पट्टीने रेघा मारतच आली. चपला जोडीने ठेवते. परवा मला म्हणाली, "आई, तू फ्रिजचं दार उघडं ठेवून विचार करतेस, आधी विचार कर, मग उघड." मी म्हटलं, झालं, एक बहीण कमी होती, आता मुलगीही तशीच.

पण मी खूश आहे. तुला तोंडाने कधी सांगितलं नाही, गेलं वर्ष तिला फार वाईट गेलं. वाढदिवसाला दहा मुलींना बोलावलं, एकही आली नाही. हिने सहा वाजेपर्यंत नवा फ्रॉक अंगावरून काढला नाही. मग स्वतःच फुगे फोडले, एकेक, आणि कचऱ्यात टाकले. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आणि आता? शनिवारी दुपारी आठ-नऊ जणी घरी येतात, ती मॉनिटरसुद्धा. बाल्कनीत गोल करून बसतात. मी सरबत घेऊन गेले की गप्प. मी म्हटलं, "काय गं, कसली एवढी खलबतं?" तर आपली बाई म्हणते, "आई, मीटिंग आहे. ट्रे ठेव आणि जा." सगळ्या खिदळल्या. मला राग यायला हवा होता, पण मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

तू काही बिघडवू नकोस म्हणजे झालं. आणि कधीतरी रजा काढ.

तुझी
ताई


२ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुझे नियम मी वहीत उतरवले आहेत. आता पुढचे प्रश्न.

१) एका यंत्राला किती टॅग लावता येतात?
२) टॅग कुणीतरी काढून टाकला तर? म्हणजे समज, यंत्रानेच काढला तर?
३) रोज सकाळी तू पंप मोजतेस ना, तेव्हा टॅग लावलेला पंप मोजतेस का?
४) कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी एकच कारण लिहिलं तर चालतं का?

गणितात मला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले. मॉनिटरला त्रेचाळीस. ती म्हणाली, तुझं डोकं बाईंपेक्षा चांगलं चालतं.

तुझी
खारोटी


९ ऑक्टोबर

प्रिय खारोटी,

तुझे प्रश्न मी पाळीवरच्या फिटरला वाचून दाखवले. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या नव्या पोरांना इतकं सुचत नाही. हिला आत्ताच कामावर घ्या."

१) जितकी माणसं काम करत असतील तितके. प्रत्येकाचा वेगळा. शेवटचा टॅग निघेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. एकतीस जणांनी काढला आणि एकाने नाही, तरीही नाही.

२) यंत्राला हात नसतात. टॅग गळून पडलेला दिसला तर लगेच दुसरा लावायचा, नीट गाठ मारून.

३) नाही. सकाळच्या मोजणीत फक्त चालू पंप धरतात. टॅग लावलेला पंप जागेवर दिसत असला तरी आमच्या हिशेबी तो नाही. सात पंप असतील आणि एकाला टॅग असेल तर मी वरच्या ऑफिसला सहा कळवते.

४) चालतं. एकच बिघाड असेल तर कारणही एकच असणार.

कोणत्या यंत्राबद्दल विचारते आहेस, ते लिहिलं नाहीस. खेळण्यातली मोटार उघडली असशील तर आधी तिचे सेल काढून ठेव. पुढच्या पत्रात कळव.

गणिताबद्दल शाबास. उरलेले तीन मार्क कुठे गेले, तेही शोधून ठेव.

तुझी
मावशी


२६ ऑक्टोबर

प्रिय इंजिनीअरबाई,

तुझ्या भाचीला आणखी टॅग हवे आहेत. तू दिलेले पुरले नाहीत म्हणते. काही फाटले, काहींवर खाडाखोड झाली. बारीकसारीक चुकलं की टाकूनच देते, तुझ्यासारखी. तिच्या खणात एक माळ आहे, दोऱ्यात ओवलेले लाल टॅग. सहज बघितली. प्रत्येकावर वेगवेगळ्या मुलीचं नाव, वेगवेगळं अक्षर, तारखा घातलेल्या, आणि कारण सगळीकडे एकच, "दुरुस्ती चालू". काय हा खेळ! आमच्या वेळी भातुकलीवर भागायचं.

एक गोष्ट झाली, तुझ्याशी बोलावंसं वाटतं. तिच्या वर्गात एक नवीन मुलगी आहे, तिची आई परवा दारात आली. सुकलेली बाई, दप्तर छातीशी धरलेलं, मुलीचं असावं. म्हणाली, "तुमची मुलगी माझ्या मुलीच्या रांगेत बसते ना? माझी मुलगी घरी आल्यावर बोलत नाही. शाळेत काही झालंय का, विचाराल?" मी आत बसवलं, चहा दिला. आपल्या पोरीला हाक मारली आणि विचारलं. ती सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तिला कुणी मारत नाही. कुणी चिडवत नाही. तिच्या वस्तूंना कुणी हात लावत नाही." त्या आईला जरा बरं वाटलंसं दिसलं. जाताना म्हणाली, "तुमची मुलगी फार समजूतदार आहे."

मुलांची भांडणं मुलांनीच मिटवावीत. मी मध्ये पडणार नाही. गेल्या वर्षी माझ्यासाठी कोण पडलं होतं?

तर टॅग पाठव.

ताई


३० ऑक्टोबर

ताई,

टॅग पाठवत नाही.

त्या माळेवरची नावं टॅग लावणाऱ्यांची आहेत. टॅग कशाला लावला, ते मागच्या बाजूला लिहितात. तू फक्त पुढची बाजू पाहिलीस. आजच खण उघड, प्रत्येक टॅग उलटा करून बघ आणि मागे काय लिहिलंय ते मला जसंच्या तसं कळव. किती टॅग आहेत तेही मोज.

खारोटीला काही विचारण्याआधी हे कर. आणि त्या बाईंचा पत्ता असेल तर घेऊन ठेव.

मी तिला दोनदा नियम लिहून पाठवले आहेत. कशासाठी हवेत, हे दुसऱ्या पत्रात विचारलं, पण उत्तरं आधी देऊन बसले. तिने अजून सांगितलेलं नाही.

हे पत्र मंगळवारच्या थैलीने निघेल. तू उत्तराला पुढच्या थैलीची वाट बघू नकोस. पंपघराच्या ऑफिसचा नंबर खाली दिला आहे. त्यावरून बाहेर फोन लागत नाही, आत फक्त येतो, तोही कामाचा, तरी फिरव.

तुझी धाकटी


१६ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र मिळालं होतं. मी टॅग उलटे केले नाहीत. खरं सांगते, केले असते तर मला काहीतरी करावं लागलं असतं. म्हटलं सहल होऊ दे, मग बघू.

शुक्रवारी वर्गाची सहल होती, तळ्याकाठच्या बागेत. दुपारी दीड वाजता बस परत निघाली. नवी तिथेच राहिली.

कशी राहिली ते ऐक. बाईंनी चार रांगांच्या चार मुलींना आपापली रांग मोजायला सांगितली. आकडे तोंडीच मॉनिटरकडे, तिने बेरीज करून कागदावर सही केली. एकतीस. सकाळी शाळेतून निघतानाही अशीच मोजणी झाली होती, तेव्हाही एकतीस. बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले, जुळले. विचारलं, "सगळ्या आल्या ना?" सगळी बस एका आवाजात म्हणाली, "हो!" आणि बस निघाली. बाई म्हणतात, त्यांना वाटलं एक जण घरीच राहिली असेल. सकाळी बसमध्ये बत्तीस डोकी होती, परतताना एक कमी, ते त्यांना दिसलं नाही.

पाच वाजता माळ्याला ती सापडली. रडत नव्हती, कुठे भटकलीही नव्हती. मुलींची रांग जिथे लावली होती, तिथेच उभी होती. साडेतीन तास. माळ्याने विचारलं, "बस जाताना दिसली नाही का? ओरडली का नाहीस?" ती म्हणाली, "मला मोजत नाहीत."

आता ती घरातही सांगितल्याशिवाय बसत नाही म्हणे. शाळेत यायची बंद झाली आहे.

दप्तरात आतल्या बाजूला बांधलेला टॅग सापडला. त्यावर मॉनिटरचं नाव. बेरजेवर सही तिचीच. त्यामुळे सगळं तिच्यावर आलं आहे. ८ डिसेंबरला, सोमवारी, मोठ्या बाई तिच्या आईवडिलांना बोलावून दाखला हातात देणार, असं ऐकते.

माझ्या मुलीचं नाव कुठेही नाही. तिला कुणी विचारलेलं नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं मी तिला बजावलं आहे. माळ मी जाळली. तिला आलेली तुझी दोन्ही पत्रंही जाळली. तू आता तिला काही लिहू नकोस. तिच्याकडची कुठली पत्रं तुझ्याकडे असतील तर तीही नको ठेवूस. तुला मूल नाही. मला एकच आहे.

ताई


१७ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

आई म्हणते तुला लिहायचं नाही. पण शाळेच्या कोपऱ्यावर टपालपेटी आहे.

आधी हे सांगते की मी नियम मोडलेला नाही.

आम्ही गणिताचा गृहपाठ मॉनिटरच्या वहीतून उतरवायचो. नवीने ते बाईंना सांगितलं. सगळ्यांना शिक्षा झाली. मॉनिटर म्हणाली, आजपासून हिच्याशी बोलायचं नाही. पण मुली विसरायच्या. एक दिवस कुणी तिला रबर द्यायची, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवायची. तिला कळायचं नाही की आज कसं आहे. मला ते आवडलं नाही. म्हणून मी म्हटलं, टॅग लावू. प्रत्येकीने स्वतःचं नाव घातलं. मागे तिचा क्रमांक, बत्तीस. एक टॅग तिच्या दप्तरात, बाकीचे माझ्याकडे. तिने एकदा काढला तेव्हा आम्ही दुसरा लावला, नीट गाठ मारून. मग ती स्वतःच बाजूला उभी राहायला लागली. सांगावं लागायचं नाही.

गेल्या वर्षी मला कुणी घेत नसे. पण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. कोण घेत नाही, कधीपासून, का, काही नाही. मी रोज सकाळी सगळ्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचे. नवीला तसं करावं लागलं नाही. तिचं सगळं लिहिलेलं होतं. ते जास्त चांगलं नाही का?

एक जण टॅग काढायला आली होती. मी म्हटलं, तू काढलास तरी तीस उरतात.

सहलीला माझी रांग मी मोजली. सात दिले. ती माझ्यासमोर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली, म्हणजे तिलाही माहीत होतं की सात. मॉनिटरने फक्त बेरीज केली आणि सही केली. आकडा माझा होता.

मॉनिटर रोज रडते. ती कुणाला काही सांगत नाही. मी सांगेन असं तिला वाटतं की सांगणार नाही असं वाटतं, ते मला तिच्या तोंडावरून कळत नाही.

नियमात माझी चूक कुठे आहे?

खारोटी


२३ नोव्हेंबर

ताई,

शुक्रवारी गाडी घेऊन दोन तास खाली आले आणि जिथे मोबाइल लागतो तिथून तुला अकरा वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. म्हणून लिहिते.

खारोटीचं पत्र मला मिळालं आहे. ती लिहिते की रांगेचा आकडा तिने दिला. तू विचारण्याआधी सांगते, ते पत्र मी फाडलेलं नाही आणि कुणाला दाखवणारही नाही.

तिने मला विचारलंय की नियमात तिची चूक कुठे आहे. मी तीन वेळा उत्तर लिहायला बसले. तिन्ही वेळा एक, दोन, तीन असे आकडे घालून लिहायला लागले आणि थांबले. नियमात चूक नाही. तो मी तिला बरोबरच शिकवला. पंपाला टॅग लावतात तो आत हात घातलेल्या माणसाला जपायला. तुझ्या मुलीने माणसालाच टॅग लावला आणि हात सगळे बाहेर होते. हे वाक्य मी तिला लिहून पाठवलं तर ती ते वहीत उतरवेल. तेच मला नको आहे.

तुझी एक गोष्ट मला पटते. मला मूल नाही, त्यामुळे ते फुगे फोडताना बघण्याची वेळ माझ्यावर आली नाही. पण आता तू जे तिला शिकवते आहेस, ते मी शिकवलं त्याहून सोपं आहे. विचारलं नाही तर बोलायचं नाही. हे ती एका दिवसात शिकेल आणि कायम लक्षात ठेवेल. दुसऱ्याच्या मुलीच्या हातात दाखला पडताना ती गप्प बसून बघेल, आणि तिला वाटेल की हेही बरोबर जुळलं.

मला बदली माणूस ५ डिसेंबरला मिळतो. शनिवारी ६ तारखेला सकाळी दहाच्या बसने येते. आधी त्या नव्या मुलीच्या घरी जाणार. दार उघडलं तर तिच्या आईला सांगणार की हे टॅग माझे, नियम माझे, आणि मोजणीत न धरण्याचं उत्तर माझ्या हातचं. सोमवारी मोठ्या बाईंनाही तेवढंच सांगणार. माझ्यापुरतं. आकडा कुणी दिला, हे मी सांगणार नाही. ते सांगायचं की नाही, हे खारोटीचं आहे. तिला माझ्याबरोबर यायचं असेल तर मी नेईन. नसेल तर ओढून नेणार नाही.

जाताना तुझ्या घरावरूनच जाईन. दार वाजवेन.

धाकटी


२९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र आईच्या नावाचं होतं. तिने ते वाचून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. मी काढून वाचलं आणि परत तसंच ठेवलं.

आई मला म्हणाली, शनिवारी आपण बाहेरगावी जाणार आहोत. पण तिने पिशव्या काढलेल्या नाहीत आणि बाबांनी रजा घेतलेली नाही. आम्ही घरातच असणार, दिवे न लावता, आणि तू दार वाजवशील तेव्हा बोलायचं नाही. मागे एकदा एक विक्रेता सारखा यायचा तेव्हा आम्ही असंच केलं होतं. तेव्हा मला हसू येत होतं.

काल मॉनिटरने मला विचारलं, "तू सांगशील का?" मी म्हटलं, "कुणी विचारलं तर." ती म्हणाली, "मी विचारतेय ना." मग घंटा झाली.

मी नवीच्या घराच्या गल्लीपर्यंत जाऊन आले. त्यांच्या खिडकीतून ती दिसते. टेबलाशेजारी उभी होती. तिची आई काहीतरी म्हणाली, मग ती बसली. मी बराच वेळ थांबले, ती पुन्हा उठली नाही.

आमच्या दाराची वरची कडी माझ्या हाताला पोचते, स्टुलाशिवाय. मी बघून ठेवलं. पण तू वाजवशील तेव्हा आई माझ्याकडे बघत असेल. मी उघडेन की नाही, ते मला अजून माहीत नाही. मी वहीत शोधलं. तिथे काही नाही.

तू खूप वेळ वाजव.

खारोटी